थिऑर्बो दिसतो पण ऐकू येत नाही: जुन्या युरोपियन संगीताच्या ग्रुपमध्ये हळव्या तंतुवाद्यांचा आवाज पोचवायचा कसा

तालमीत सगळं व्यवस्थित असतं. आपल्याला आपलं वाद्य ऐकू येतं, शेजारच्या चेलोवाल्यालाही येतं, सगळे माना डोलावतात, आणि मग कार्यक्रम झाल्यावर ओळखीचं कुणीतरी पुढे येऊन म्हणतं, अगं तुझं ते लांबलचक वाद्य काय देखणं आहे, पण खरं सांगू, मला ते फारसं ऐकू नाही आलं. मला हे पहिल्यांदा ऐकायला मिळालं तेव्हा त्या कार्यक्रमासाठी मी दोन महिने जीव ओतून तयारी केली होती आणि घरी येताना ट्रेनमध्ये डोळ्यात पाणी होतं. त्यानंतर जे जे करून पाहिलं, ज्याचा उपयोग झाला आणि ज्याचा नाही झाला, ते सगळं इथे लिहितेय, कारण ल्यूट (नासपातीच्या आकाराचं, छेडून वाजवायचं जुनं तंतुवाद्य), थिऑर्बो, बरोक गिटार, हार्प वाजवणारे आपले मराठी लोक आता इकडे युरोपात थोडे का होईना पण आहेत आणि मराठीत यावर काही सापडत नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि एका हौशी ग्रुपमध्ये थिऑर्बो वाजवते. लहानपण मिरजेत गेलं, सतार-तंबोरे बनताना बघत, त्यामुळे मी ब्रिजला घोडी, साउंडबोर्डला तबली, फ्रेटला पडदे आणि बो ला गज असंच म्हणणार. थिऑर्बो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मोठ्या आकाराचं ल्यूट, सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्लोरेन्समध्ये गायकाच्या साथीसाठी तयार झालेलं. पडद्यांवर दाबायच्या सहा तारा (काही वाद्यांत सात), आणि वरती दांडी पुढे वाढवून खर्जाच्या आठेक मोकळ्या तारा, त्या दीड मीटरच्या आसपास लांब. एवढं धूड असूनही एका व्हायोलिनपुढे सहज झाकलं जातं.

आधी रोग कुठला ते बघा

पहिलं काम वाद्याला हात न लावता करायचं. तालमीत फोन सहाव्या-सातव्या रांगेच्या खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड करा. स्टेजवर नाही, आपल्या पायाशी नाही, सहाव्या रांगेत. शक्य असेल तर तुमचा भाग दुसऱ्या कुणाला वाजवायला देऊन स्वतः तिथे जाऊन बसा. आपल्या मांडीवरचं वाद्य आपल्या कानापासून हातभर अंतरावर असतं, तिथून जे ऐकू येतं त्यावरून काहीही ठरवता येत नाही, आणि माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती की मी वर्षानुवर्षं त्या हातभर अंतरावरूनच आवाज घडवत राहिले.

रेकॉर्डिंग ऐकताना तीन गोष्टी वेगवेगळ्या ऐका. खर्ज ऐकू येतो का? छेडल्याचा तो 'टण्' असा पहिला क्षण ऐकू येतो का? आणि मधल्या स्वरांच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कळतात का, की नुसता गोंगाट होतो? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. माझ्या बाबतीत खर्ज ठीक होता, मधलं सगळं चेलो आणि टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, यांच्यात बुडत होतं.

बुडतं का, तर छेडलेल्या तारेचा आवाज पहिल्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि लगेच उतरायला लागतो, गजाचा किंवा गळ्याचा आवाज टिकतो आणि वाढतोसुद्धा. सगळे एकाच वेळी सुरू झाले की तुमचा तो एकमेव मोठा क्षण बाकीच्यांच्या सुरुवातीखाली गाडला जातो आणि नंतर तुमच्याकडे शिल्लक काही राहत नाही. 'मग जोरात वाजव ना' हा सल्ला सगळे देतात. पण जोरात ओढलं की तार पडद्यांवर आपटते आणि स्वराऐवजी खडखड मिळते. गणितही बघा, एकाऐवजी दोन थिऑर्बो बसवले तर साधारण ३ डेसिबल वाढतात, चार बसवले तर ६, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला १० च्या आसपास लागतात. इटालियन संगीतकार व्हिवाल्दीने १७१६ च्या 'युदिता त्रिउम्फान्स' या ओरातोरिओत एका आरियात, म्हणजे एकल गाण्यात, खरंच चार थिऑर्बो घातलेत, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात एकच असतो आणि तो वाजवणारे आपणच. म्हणजे ताकदीतून मिळणारं थोडंच आहे, बाकीचं दुसरीकडून मिळवावं लागतं.

कुठल्या पीससाठी कुठलं वाद्य

थिऑर्बोची एक गंमत आहे. त्याची पडद्यावरची लांबी इतकी मोठी, ७६ ते ९० सेंटीमीटर, की वरच्या दोन तारा ल्यूटसारख्या उंच चढवल्या तर तुटतात, म्हणून त्या एक सप्तक खाली लावतात. परिणाम असा की मोकळ्या तारांमध्ये सगळ्यात उंच स्वर तिसऱ्या तारेचा, मधल्या सी च्या खालचा बी. तुमच्या बहुतेक कॉर्ड तिथेच, टेनर आणि चेलोच्या वस्तीत. सोप्रानोबरोबर, म्हणजे उंच बायकी आवाजाबरोबर, हे वाद्य स्वर्गीय, तिच्या खाली मोकळी जागा असते आणि तुम्ही ती भरता. पण दोन टेनर, बॅस (खालचा पुरुषी आवाज) आणि चेलो असतील तर मधल्या कॉर्डला जागाच नाही.

दोन व्हायोलिन आणि चेलो असा त्रिकूट-सोनाटा असेल तर मी आर्चल्यूट, म्हणजे खर्जाच्या जादा तारा असलेलं लांब दांडीचं ल्यूट, घ्यायला सांगेन, त्याची वरची तार खरोखर उंच, मधल्या सी च्या वरच्या जी ला लागते आणि बारीक चमकदार रेघेसारखी निघून येते. संगीतकार कोरेल्लीच्या १६८९ च्या तिसऱ्या ओपसमध्ये, म्हणजे छापील संग्रहात, दोन व्हायोलिनबरोबर 'व्हिओलोने (गजाचं खर्जाचं वाद्य) किंवा आर्चल्यूट' असं छापलेलंच आहे. आणि चाकोना (त्याच त्या खर्जावर फिरणारी नाचाची रचना) किंवा नाचाचं काही असेल, सगळे रंगात आलेले असतील, तर सरळ बरोक गिटार घेऊन झणकारे मारा. पाच जोड-तारांचं ते छोटंसं वाद्य झणकाऱ्यांनी थिऑर्बोपेक्षा कितीतरी पुढे जातं. मला आधी हे कमीपणाचं वाटायचं, आता वाटत नाही, मी एकाच कार्यक्रमात दोन्ही घेऊन बसते.

तारा

इथे लोक पैसे घालवतात आणि निराश होतात, म्हणून नीट सांगते. तुमचा ग्रुप कुठल्या पट्टीत वाजवतो, म्हणजे ए हा स्वर किती हर्ट्झला लावतो, ते आधी पक्कं करा. ४४० साठी लावलेलं वाद्य तसंच ४१५ ला उतरवलं तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, तारा लोंबल्यासारख्या होतात आणि आवाज लुळा पडतो. तोच ताण ठेवायचा तर तार साधारण ६ टक्के जाड हवी, म्हणजे ०.४२ मिलीमीटरच्या जागी ०.४४ किंवा ०.४५. एवढासा फरक पण सहाव्या रांगेत कळतो. ३९२ ला उतरत असाल तर अजून एक पायरी तसंच.

उलट चूकही करू नका. जास्त ताण म्हणजे जास्त आवाज असं वाटतं, पण ल्यूटची तबली दीड-दोन मिलीमीटरची पातळ, फार ताणलं की ती थरथरायचीच थांबते, आवाज घुसमटतो, आणि कधीतरी घोडी उखडते. क्लासिकल गिटारच्या एका तारेला जेवढा ताण असतो त्याच्या साधारण निम्मा ल्यूटच्या तारेला, आणि वाद्य त्यासाठीच बांधलेलं असतं.

तारेचा प्रकार म्हणाल तर आतड्याच्या तारेचा 'टण्' मला सगळ्यात आवडतो, त्यात एक किंचित खरखर असते जी लांबपर्यंत जाते, पण ओलसर चर्चमध्ये ती अर्ध्या तासात उतरते किंवा चढते. नायलगट म्हणून जी कृत्रिम तार मिळते ती घनतेने आतड्याच्या जवळ आणि हवामानाला बरीच सोशीक, मी वरच्या तारांना तीच लावते. कार्बनची तार जास्त घन म्हणून तेवढ्याच ताणाला बारीक लागते आणि आवाज तिखट येतो, मांडीवर ऐकताना मला ती अजिबात आवडत नाही पण तिसऱ्या-चौथ्या तारेला, जिथे आवाज नेहमी बुडतो, तिथे तिचा उपयोग होतो. खर्जाच्या जुन्या झालेल्या तारा मात्र बदलाच, त्या मेल्या की खर्ज नुसता धप्प वाजतो.

यावर मिरजेतली एक गोष्ट आठवते. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तार झणझणती करताना, कारागीर घोडीवर कान लावून ऐकत नाही फक्त, तो मागे सरकून, कधी कधी दाराशी जाऊन ऐकतो. जवळून जी नुसती झिणझिण वाटते तीच लांबून गोल होऊन येते. युरोपातही याची सख्खी बहीण आहे, सोळाव्या शतकातल्या बऱ्याच हार्पवर तारेच्या बुडाशी वाकडी खुंटी असायची, ती तारेला किंचित टेकवली की हार्प झणझणायची आणि मोठी वाजायची. आज ऐकणाऱ्यांना ती खुंटी बिघडल्यासारखी वाटते, पण माझ्या मते ती ऐकू येण्यासाठीच होती.

उजवा हात

आता मुख्य मुद्दा, इथे घाई करू नका.

हात कुठे आहे ते बघा. गुलाबाच्या जाळीवर, म्हणजे तबलीच्या मधल्या नक्षीवर हात असेल तर आवाज मऊ, गोड आणि जवळचा. एकट्यासाठी सुंदर, ग्रुपमध्ये निरुपयोगी. सतराव्या शतकातली ल्यूटवाल्यांची चित्रं पाहिलीत तर बऱ्याच जणांची करंगळी घोडीला टेकलेली किंवा घोडीच्या मागेसुद्धा दिसते. तिथे न्या हात. घोडीपासून तीन-चार बोटं अंतरावर पहिल्यांदा वाजवाल तेव्हा आवाज पत्र्यासारखा वाटेल, हात लगेच मागे पळेल. पळू देऊ नका, सहाव्या रांगेत कुणाला तरी बसवून विचारा.

नखं ठेवावीत का, हा वाद जुना आहे आणि मी नखांच्या बाजूची आहे, निदान थिऑर्बोसाठी. बोलोन्याच्या अलेस्सांद्रो पिच्चिनिनीने १६२३ च्या त्याच्या पुस्तकात नखांनी वाजवायला सांगितलंय. दुसरीकडे ड्रेस्डेनच्या दरबारातला सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस, जो त्या काळातला सगळ्यात मोठा ल्यूटवाला, त्याने १७२३ च्या पत्रात लिहिलं की थिऑर्बो आणि आर्चल्यूट सहसा नखांनी वाजवतात आणि ते जवळून ऐकलं तर रखरखीत लागतं. 'जवळून' हा शब्द मी अधोरेखित करून ठेवलाय. हे लिहिणारा वाइस स्वतः ऑपेरा आणि चर्चमध्ये साथीला मोठं, ताकदीचं वेगळं वाद्य वाजवायचा आणि एकट्याने वाजवायला साधं ल्यूट. दोन कामांना दोन आवाज. मी नख बोटाच्या मांसाच्या जेमतेम पुढे ठेवते, आधी मांस लागतं मग नख सुटतं, सतारीच्या मिजराबीसारखा नुसता टणत्कार नको.

अंगठा फार महत्त्वाचा. खर्जाची तार नुसती बाजूला ओढून सोडली तर ती तबलीला समांतर हलते आणि आवाज पोकळ येतो. तार आत, तबलीकडे ढकलून सोडा आणि अंगठा खालच्या शेजारच्या तारेवर विसावू द्या. तबली खरोखर हलते. पोटाला वाद्याची पाठ टेकलेली असेल तर ती धडक जाणवते, हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावते. आणि हो, वाद्याची पाठ पोटाला पूर्ण चिकटवून धरू नका, जाड स्वेटर घालून तर नकोच, निम्मा आवाज लोकरीत जातो असं मला वाटतं.

काय वाजवायचं: एक उदाहरण अगदी जवळून

इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दीचं 'लामेंतो देल्ला निंफा' (अप्सरेचा विलाप) घेऊ, त्याच्या मॅड्रिगल गाण्यांच्या १६३८ च्या आठव्या पुस्तकातलं. एक अप्सरा, म्हणजे सोप्रानो, रडतेय, भोवती दोन टेनर आणि एक बॅस तिच्यावर हळहळतायत, आणि खाली चार स्वरांचा खर्ज, ए, जी, एफ, ई, पुन्हा ए, जी, एफ, ई, तीन मात्रांच्या प्रत्येक बारला एक स्वर, शेवटपर्यंत. मोंतेव्हेर्दीने सांगूनच ठेवलंय की तिघांनी हाताच्या तालात गायचं आणि तिने मनाच्या भावनेच्या तालात. म्हणजे ती पुढेमागे होणार आणि तिला खालचे चार स्वर स्पष्ट ऐकू आलेच पाहिजेत, नाहीतर सगळं कोसळतं.

ए मध्ये लावलेल्या थिऑर्बोवर हे चारही स्वर मोकळ्या तारांवर मिळतात. सहावी ए, सातवी जी, आठवी एफ, नववी ई. डावा हात पूर्ण मोकळा. शिवाय अंगठ्याने सातवी वाजवून तो सहावीवर विसावला की आधीचा ए आपोआप बंद होतो, आठवी वाजवली की सातवी बंद. चार स्वर एकमेकांत न मिसळता पायऱ्यांसारखे उतरतात. हीच ती स्पष्टता जी मी आधी जोर लावून मिळवायला बघत होते. मोह होतो की ए आणि जी अजून एक सप्तक खाली, तेराव्या-चौदाव्या तारेवर घ्यावेत, भारी वाटतं, पण खालचे एफ आणि ई तुमच्याकडे नाहीतच, मग तिसऱ्या बारला उतरण तुटून वर उडी मारते. करू नका.

आता कॉर्ड. मी आधी प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला सहा तारांची भरगच्च कॉर्ड पसरून वाजवायचे, आणि तिथेच गांबाचा (चेलोसारखं गजाचं जुनं वाद्य) गज पडायचा, टेनर सुरू व्हायचे, सगळं गडप. आता पहिल्या मात्रेला फक्त खर्ज, एकच तार, पूर्ण अंगठ्याने. दुसऱ्या मात्रेला, जेव्हा गजाचा आवाज स्थिरावलेला असतो आणि नवीन कुणी सुरू होत नाही, तेव्हा वरच्या तीन तारा. तिसरी मात्रा बहुतेक वेळा रिकामी. स्वर कमी झाले आणि ऐकू यायला लागले, कारण ते अशा क्षणी येतात जेव्हा बाकी कुणी येत नाही. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. दर वेळी तेच करू नका अर्थात, चार-पाच फेऱ्यांनी एखादी कॉर्ड पहिल्या मात्रेच्या किंचित आधी पसरायला सुरू करा म्हणजे सगळ्यात वरचा स्वर बरोबर समेवर पडतो, तबल्याच्या मुखड्यासारखं. तिघं पुरुष गायला लागले की मधल्या तारा सोडून द्या, ती त्यांची जागा आहे, खर्ज आणि घोडीजवळ छेडलेला वरचा एखादा स्वर पुरे.

चौथ्या बारला ई मेजर. त्यातला जी शार्प चौथ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो आणि कान त्याचीच वाट बघत असतो, तो देताना हात आखडू नका. पण सोप्रानो स्वतःच जी शार्पवर असेल तेव्हा तो सोडा. इटालियन संगीतकार अगाझ्झारीने १६०७ मध्ये सिएनात छापलेल्या छोट्याशा पुस्तिकेत साथ करणाऱ्यांना हेच सांगितलं होतं की सोप्रानो जो स्वर गातेय तोच वाजवत बसू नका. ऐकू येण्यासाठीही ते खरं आहे, तिच्या स्वराखाली तुमचा तोच स्वर शून्य.

आणि सूर. ल्यूटचे पडदे आतड्याचे, बांधलेले, सरकवता येतात. ग्रुप मीनटोनमध्ये, म्हणजे मेजर तिसरे शुद्ध ठेवणाऱ्या जुन्या स्वरजुळणीत, असेल तर पडदे त्याप्रमाणे सरकवा. हार्मोनियमच्या सुरातला मेजर तिसरा (सा ते शुद्ध ग हे अंतर) शुद्ध तिसऱ्यापेक्षा १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), तो खाली आणून कॉर्ड शुद्ध लागली की बाकीच्या तारा आपसूक गुंजायला लागतात, तरफांसारख्या. सुरात लागलेला थिऑर्बो बेसूर थिऑर्बोपेक्षा मोठा असतो, मी हे रेकॉर्डिंगवर शेजारी शेजारी लावून ऐकलंय. खर्जाच्या तारासुद्धा त्या त्या पीसच्या सुरात लावा, एफ ऐवजी एफ शार्प लागत असेल तर मध्ये वेळ मागून घ्या, लाजू नका.

बसायचं कुठे

ग्रुप अर्धवर्तुळात बसतो आणि थिऑर्बोवाल्याला सवयीने एका टोकाला किंवा हार्प्सिकॉर्डच्या (तारा छेडणारं पियानोसारखं जुनं वाद्य) मागे टाकतात, दांडी कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. टोकाला बसून गायिकेकडे बघायला वळलात की तबली प्रेक्षकांकडे न राहता समोरच्या व्हायोलिनवाल्याकडे होते, आणि छेडल्याचा जो कुरकुरीत वरचा भाग तो सरळ रेषेत पुढे जातो. तो व्हायोलिनवाल्याला मिळतो. त्यालाच वाटतं की तुम्ही खूप मोठ्याने वाजवताय, आणि तो तसं सांगतो, आणि तुम्ही अजून हळू वाजवता. माझ्याबरोबर हे जवळजवळ दीड वर्ष चाललं.

मधोमध बसा, गायिकेच्या शेजारी, सगळ्यांच्या अर्धा पाऊल पुढे, तबली प्रेक्षकांकडे. दांडी डावीकडे वर जाते, तिकडे उंच कुणी उभं राहणार नाही एवढं बघा. खाली लाकडी चौथरा मिळाला तर उत्तम, गालिचा असेल तर गुंडाळून ठेवायला सांगा. मागे मखमली पडदा असेल तर तो बाजूला करा, दगडी भिंत किंवा नुसती प्लायवूडची फळी मागे मीटर-दीड मीटरवर असली तरी फरक पडतो. नोटेशनचं स्टँड भरीव पत्र्याचं नको, ते तबलीच्या बरोबर समोर ढालीसारखं उभं राहतं. जाळीचं घ्या, खाली करा, जवळजवळ आडवं करा आणि थोडं बाजूला. एवढ्या एका गोष्टीने मला पहिल्यांदा 'आज ऐकू आलीस' हे ऐकायला मिळालं.

बाकीच्यांकडून काय मागायचं

हे अवघड, कारण माणसांशी बोलावं लागतं. 'जरा हळू वाजवा ना' म्हटलं की सगळे चार बार हळू वाजवतात आणि मग विसरतात. नेमकं मागा.

चेलो किंवा गांबावाल्याला सांगा की गजाची सुरुवात माझ्या छेडण्यातून होऊ दे, तू गज ठेवलेला असू दे आणि आवाज माझ्या 'टण्' नंतर फुलू दे. ऐकणाऱ्याला एकच स्वर ऐकू येतो, धार तुमची आणि लांबी त्याची. दोघं अगदी शेजारी बसा, श्वास ऐकू येईल इतके, आणि फक्त खर्जाची ओळ वीस मिनिटं एकत्र वाजवा. आमच्या ग्रुपला याचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही.

व्हायोलिन एका ओळीला एकच असू दे, गज घोडीपासून दूर. व्हिवाल्दीचे आधार द्या, हवे तेवढे आहेत. त्याचा डी मेजरमधला ल्यूट कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि साथीची रचना), सूची क्रमांक आरव्ही ९३, ल्यूटखेरीज फक्त दोन व्हायोलिन आणि खर्ज यांच्यासाठी आहे, व्हायोला नाहीच. व्हिओला दामोरे (तरफा असलेलं गजाचं वाद्य) आणि ल्यूटच्या १७४० च्या कॉन्चेर्तोत त्याने सगळ्या तंतुवाद्यांना म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा चिमटा, लावायला सांगितलंय. मॅन्डोलिनच्या कॉन्चेर्तोत व्हायोलिन बोटांनी छेडून वाजवण्याची मुभा दिलीय. बाखने १७२४ च्या योहान पॅशनमध्ये (येशूच्या शेवटच्या दिवसांवरची गायनरचना) ल्यूट घातलं तेव्हा भोवती फक्त दोन व्हिओला दामोरे, बॅसचा आवाज आणि खालचा खर्ज ठेवला. त्या लोकांना ही अडचण माहीत होती, त्यांनी ती लिहितानाच सोडवली, आपण मात्र वीस जणांचा ऑर्केस्ट्रा बसवतो आणि ल्यूटवाल्याकडे बघतो.

हार्प्सिकॉर्ड आणि थिऑर्बो दोन्ही असतील तर वाटून घ्या. दोघांनी पूर्ण वेळ वाजवायचं असा नियम नाही. गाण्याचा हळवा भाग तुम्ही एकट्याने, जोरकस भाग हार्प्सिकॉर्डने, आणि एकत्र असाल तेव्हा त्याने एकच रजिस्टर, म्हणजे तारांचा एकच संच, लावावं, झाकण बंद. ऑर्गन असेल तर एकच मऊ आठ फुटी बासरीचा आवाज, मोंतेव्हेर्दीच्या 'ऑर्फेओ' या ऑपेराच्या १६०९ च्या छापील प्रतीत ऑर्फेओच्या विनवणीखाली लाकडी ऑर्गन आणि एक किताररोने, म्हणजे थिऑर्बोच, एवढंच लिहिलंय. डबल बेस काढून टाकता आला तर काढाच, त्याच्या खाली खर्जाच्या सगळ्या तारा गायब होतात.

माइक लावावा का

लावावा, हॉल मोठा किंवा खूप गालिचे-खुर्च्यांचा असेल तर बिनधास्त लावावा. काही लोकांना हे पाप वाटतं, मला तिकीट काढून आलेल्या माणसाला काही न ऐकवणं जास्त वाईट वाटतं. पण असा लावावा की लावलाय हे कळू नये.

छोटा कन्डेन्सर माइक तबलीपासून वीत-दीड वीत अंतरावर, गुलाबाच्या जाळीसमोर नाही, तिथे सगळं घूं घूं होतं, तर घोडी आणि तबलीचा खालचा काठ यांच्या मध्ये रोखलेला. खालचे स्वर कापणारा गाळणी-फिल्टर साउंडवाला सवयीने ८०-१०० हर्ट्झला लावतो, त्याला ४० ला ठेवायला सांगा, चौदाव्या तारेचा जी ४४० च्या पट्टीत ४९ हर्ट्झचा असतो. स्पीकर भिंतीवरचे मोठे नकोत, नाहीतर थिऑर्बो मध्ये बसलाय आणि आवाज कोपऱ्यातून येतोय असं होतं. एक छोटा स्पीकर तुमच्या खुर्चीशेजारी जमिनीवर, थोडा पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माइकच्या मागे ठेवलात तर शिट्टी वाजेल. आवाज किती, तर सहाव्या रांगेत बसून, वाजत असताना हळूच बंद करायला सांगा. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं पण चालू असताना माइक जाणवला नाही, तिथे खूण करून ठेवा. गायिकेला आणि व्हायोलिनला माइक देऊ नका, दिलात की शर्यत परत पहिल्यापासून सुरू.

त्या दिवशी

कार्यक्रमाच्या दोन-अडीच तास आधी पोचा, वाद्य खोक्यातून काढून हॉलच्या हवेत राहू द्या. थॉमस मेस म्हणून केंब्रिजचा ल्यूटवाला होता, त्याने १६७६ मध्ये लिहिलंय की ल्यूट दिवसा रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाच्या आत ठेवावं, ओल लागू नये म्हणून. हाच मेस म्हातारपणी ऐकू येईनासं झाल्यावर स्वतःसाठी पन्नास तारांचं दुहेरी ल्यूट बनवून वाजवायचा, आवाज मोठा यावा म्हणून. मला तो फार जवळचा वाटतो.

रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेलं सगळं माणसं भरल्यावर बदलतं, कोट आणि अंगं आवाज पितात, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून हात तालमीपेक्षा अजून बोटभर घोडीकडे. दगडी चर्चमध्ये उलट, तिथे तीन-चार सेकंद आवाज घुमतो, खर्ज वेळेवर बंद केला नाही तर सगळा चिखल होतो, तिथे स्वर अजून कमी करा. मध्यंतरात लोक बोलत असतात तेव्हाच खर्जाच्या तारा पुढच्या पीससाठी लावून घ्या, शांतता झाल्यावर लावायला गेलात तर गडबडीत हमखास एक राहते, आणि ती नेमकी पहिल्या बारलाच लागते. फोन मात्र सहाव्या रांगेत ठेवायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच ऐकायचाय.